कॉलेजच्या बेसबॉल टीमला कोच किती आणि कोण? (सांगली)

रसायनमास्तर (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. यंदा जिमखाना कमिटीत माझं नाव घातलं गेलं आणि त्यासोबत बेसबॉलची टीम गळ्यात पडली. आमचे डायरेक्टर सर मूळचे खो-खोचे, माणूस भला, पण सगळे खेळ त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर. म्हणाले, "मास्तर, हे तुम्हीच बघा."

पोरं बरी जमलीत. बहुतेक क्रिकेटमध्ये नंबर न लागलेली, तीन खो-खोवाले, दोन भालाफेकवाले. मोठी माणसं म्हणाल तर चार. एक मी. नियम वाचून पाठ केलेत, ग्लोव्ह मात्र आयुष्यात हातात घातलेला नाही. दुसरा आमचाच माजी विद्यार्थी, विद्यापीठाकडून कॅचर (बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारा) म्हणून खेळलेला. आता कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे आणि संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो. तिसरे लायब्ररीतले भाऊ, जुने क्लब क्रिकेटर. त्यांनी परस्पर जाहीर केलंय की बॅटिंग आपण बघणार. चौथे ऑफिसातले शिपाई मामा. आवाज असा की विश्रामबागेत हाक मारली तर मिरजेत ऐकू जावी. पळणाऱ्या पोरांना 'पळ', 'थांब' सांगायला त्यांना तिसऱ्या बेसजवळ (होमच्या आधीचा शेवटचा टप्पा) उभं करायचा विचार आहे.

अमेरिकन कॉलेजांच्या वेबसाइटी बघून तर भीतीच वाटली. हेड कोच, पिचिंग कोच, हिटिंग कोच, शिवाय नवी पोरं शोधणारा वेगळा आणि प्रवासाचं बघणारा वेगळा. मला सोमवारी प्राचार्यांना 'प्रशिक्षक मंडळ' लिहून द्यायचंय. मानधन एकाचंच मंजूर होणार, आणि ते बॅटिंगवाल्याला द्यावं असा कमिटीचा कल आहे. हेड कोच कुणाला करू?

भडंगप्रेमी (जयसिंगपूर)

मानधन एक आणि माणसं चार? मानधनाचं भडंग आणा आणि वाटून खा. भांडण मिटलं. :)

गमतीचा भाग सोडा. इथं साताऱ्याच्या मॅडम असतात, त्यांना विचारा. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्हीत त्यांचे केस पांढरे झालेत.

तिसऱ्या बेसवरून (सातारा)

केस पांढरे झाले ते कॉलेजच्या मीटिंगांनी, खेळानं नव्हे. पेपर तपासत होते, ते बाजूला ठेवून लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मास्तर, हेड कोच कोण हा प्रश्न शेवटी घ्या. कागदावर तुमचंच नाव टाका, सह्या आणि टीए-डीएची बिलं तुमच्याच नशिबात आहेत. आधी दोन जागा भरा. पिचरचा (बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचा) हात कोण सांभाळणार आणि तिसऱ्या बेसला कोण उभं राहणार. बॅटिंग कोच यंदा नसला तरी काही बिघडत नाही. आपल्याकडं सगळे क्रिकेटमधून आलेले, म्हणून कोच म्हटलं की बॅटिंगच आठवते. पण बेसबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातात असतो आणि सगळा सामना त्याच्या खांद्यावर चालतो. क्रिकेटमध्ये एका बाजूनं कुणी सहा चेंडू टाकले की पुढची ओव्हर दुसऱ्याला. इथं एकच पोरगा इनिंगमागून इनिंग (समोरचे तिघं आउट होईपर्यंतचा डाव) टाकत राहतो, आणि आपल्या स्पर्धा बाद पद्धतीच्या, दिवसाला दोन-दोन सामने. ज्या कॉलेजात एकच बरा पिचर, तिथं तो पोरगा दुपारपर्यंत पिळून निघतो.

एका स्पर्धेत बघितलेलं सांगते. कॉलेजचं नाव घेत नाही. सकाळी पूर्ण सामना टाकलेला पोरगा, दुपारी पुन्हा पहिल्या इनिंगपासून तोच. पाचव्या इनिंगला तो दर चेंडूनंतर हात खाली सोडून झटकायला लागला. कोपर खांद्याच्या खाली यायला लागलं आणि चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जायला लागले. डगआउटमध्ये (टीम बसते त्या जागी) त्यांचे सर चहाचा कप घेऊन, "दोनच इनिंग राहिल्यात रे, रेट!" पोरानं रेटलं आणि जिंकलेसुद्धा. पुढच्या वर्षी तोच पोरगा पहिल्या बेसला खेळताना दिसला आणि पिचरकडं चेंडू परत देताना खालून टाकत होता. मी काही विचारलं नाही.

अमेरिकेत मेजर लीग (तिथलं सगळ्यात वरचं व्यावसायिक बेसबॉल) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून 'पिच स्मार्ट' म्हणून आकडे ठरवून दिलेत. १७-१८ वर्षांच्या पोरानं दिवसात जास्तीत जास्त १०५ चेंडू टाकायचे, १९ ते २२ वयाच्यानं १२०. तीसच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी पिचिंग बंद, आणि आकडा चढेल तशी सुट्टी वाढत जाते. आता हे आकडे लहानपणापासून टाकत आलेल्या, वर्षभर हात तयार ठेवणाऱ्या पोरांचे आहेत. जूनमध्ये पहिल्यांदा बेसबॉल हातात धरलेल्या आपल्या पोराला मी साठच्या आसपास खाली बसवते, सामना कुठल्याही वळणावर असो. ही साठची रेघ माझी, पुस्तकातली नव्हे.

आता तुमची माणसं. कॅचर पोराला पिचर सांभाळायला द्या आणि मानधनही त्यालाच द्या. कमिटीला सांगा मी सांगितलं म्हणून. कॅचरनं हजारो चेंडू छातीवर झेललेले असतात. पिचर दमला हे त्याला पिचरच्या आधी कळतं. एमआयडीसीची शिफ्ट सुटल्यावर आला तरी चालेल, पण चार पिचर तयार कर म्हणावं. चार. त्यातले दोन नुसते दोन इनिंग निभावणारे असले तरी पुरे. शिवाय कुपवाडात आहे तर कुणा फॅब्रिकेटरकडून उचलता येणारा माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, करून घ्या. क्रिकेटच्या मैदानात मातीचा उंचवटा कोण करू देणार आपल्याला? लोखंडी फ्रेम, वर प्लायवुड, त्यावर काथ्याची चटई. उंची १० इंच, उतार फुटाला एक इंच, वर २४ बाय ६ इंचाची रबरी पट्टी. समोरच्या होम प्लेटपर्यंत (बॅटर उभा राहतो तिथली पाटी) अंतर ६० फूट ६ इंच, ते टेपनंच मोजा, पावलांनी नको. सपाटीवर सराव केलेला पोरगा स्पर्धेत माउंडवर चढला की पुढचा पाय अपेक्षेपेक्षा खाली टेकतो आणि हात मागं राहतो. दुखणी तिथून सुरू होतात.

मामांना तिसऱ्या बेसला नको. मामांचा काही दोष नाही, पण ती जागा आवाजाची नाही, निर्णयाची आहे. दुसऱ्या बेसवरून सुटलेल्या पोराची पाठ चेंडूकडं असते. मागं वळून बघितलं की पाऊल तुटतं, म्हणून तो तुमच्याकडं बघत येतो. हात गरगर फिरवला की होमकडं, दोन्ही तळवे दाखवले की थांब, तळवे जमिनीकडं दाबले की घसर. हे ठरवायला मिळतात दोन सेकंद, आणि तेवढ्यात किती आउट आहेत, चेंडू कुणाच्या हातात आहे, त्याचा हात कसा आहे हे डोक्यात तयार पाहिजे. म्हणून मास्तर, तिथं तुम्ही. ग्लोव्ह घातला नाही हे बिलकूल आड येत नाही. सामन्याआधी समोरची टीम सराव करते तेव्हा चहाला जाऊ नका. त्यांच्या तीन आउटफिल्डरांपैकी (मैदानात लांब उभे राहणाऱ्यांपैकी) कुणाचा चेंडू टप्पे खात येतो ते वहीत टिपा. रसायनवाल्यांना निरीक्षणाची सवय असते असं ऐकून आहे.

मामांबद्दल आणखी एक भीती आहे, प्रेमळ माणूस आहे म्हणून सांगते. पळणाऱ्या पोराला बेस कोचनं धरून थांबवलं किंवा ढकलून पळवलं तर पोरगा आउट. कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्या माणसाचा हात आपोआप पुढं जातो. आणि हेल्मेट. २००७ मध्ये अमेरिकेत माइक कूलबॉ नावाचा कोच पहिल्या बेसजवळ उभा असताना मानेवर चेंडू बसून दगावला. तेव्हापासून तिकडं बेस कोचही हेल्मेट घालून उभे राहतात. तुम्हीही घाला. युनिफॉर्मही घालावा लागेल, बेसबॉलमध्ये कोच खेळाडूंच्याच पोशाखात असतो. इस्त्रीच्या पँटीत उभे राहिलात तर अंपायर बाहेर काढेल. पहिल्या बेसला राखीव खेळाडू उभा केला तरी चालतं.

मामांना डगआउटमध्ये बसवा. गणपती मंदिराबाहेर बोटात घालायचा नामजपाचा काउंटर मिळतो ना, तो त्यांच्या बोटात. आपल्या पिचरचा प्रत्येक चेंडू, एक दाब. वॉर्म-अपचे वेगळे मोजायचे. बाजूला उभं राहून टाकलेले चेंडू कुणीच मोजत नाही आणि निम्मा हात तिथंच खर्च होतो. पन्नास झाले की त्या आवाजात ओरडायचं. तो आवाज इथं कामाला येईल.

राहिले लायब्ररीचे भाऊ. त्यांना रिकामं ठेवू नका. जुन्या क्रिकेटरला बॅटनं उंच झेल द्यायची सवय असते, डावीकडं म्हटलं की डावीकडं, उजवीकडं म्हटलं की उजवीकडं. बेसबॉलमध्ये ह्या कामाला फंगो म्हणतात आणि त्याची लांब, हलकी बॅट वेगळी मिळते. असा माणूस तिकडंही शोधावा लागतो. रोज त्यांच्याकडून जमिनीलगतचे आणि उंच चेंडू मारून घ्या. एवढंच सांगा की पोरांना गुडघा टेकून चेंडू अडवायला शिकवू नका. क्रिकेटमध्ये चौकार वाचला की काम झालं, इथं चेंडू उचलून लगेच पहिल्या बेसला टाकायचाय. गुडघा टेकलेला पोरगा उठेपर्यंत समोरचा बेसवर पोचलेला असतो.

खो-खोवाल्या तिघांना बेस चोरायला, म्हणजे पिचर चेंडू टाकतानाच पुढच्या बेसकडं सुटायला, शिकवा. पहिलं पाऊल त्यांना शिकवावं लागत नाही.

मिरजकर (सध्या ह्यूस्टन)

मॅडम, धाग्याची वाचनखूण साठवली.

इथल्या कॉलेज बेसबॉलबद्दल थोडी भर, म्हणजे मास्तरांची भीती जाईल. एनसीएएच्या (इथली कॉलेज खेळांची संघटना) पहिल्या डिव्हिजनमध्ये २०२३ पर्यंत एक हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक 'व्हॉलंटियर', म्हणजे बिनपगारी, अशी रचना होती. एवढ्या पैशाच्या खेळात चौथा माणूस फुकट राबायचा. जुलै २०२३ पासून बिनपगारी पद रद्द झालं आणि हेड कोचच्या हाताखाली तीन असिस्टंट ठेवता येऊ लागले. बाकी ट्रेनर, व्हिडिओवाले, ऑपरेशन्सवाले वेगळे.

पिचिंग कोचचं महत्त्व इथल्या वेळापत्रकावरून कळतं. बहुतेक मालिका शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन सामन्यांच्या. नंबर एकचा पिचर शुक्रवारी, दुसरा शनिवारी, तिसरा रविवारी. आठवड्याच्या मधल्या सामन्यात नव्या पोराला संधी. शुक्रवारचा पिचर थेट पुढच्या शुक्रवारी. कोणता चेंडू टाकायचा हेही बऱ्याच टीमांत कोच डगआउटमधून सांगतो. आकडे खुणेनं दाखवायचे आणि कॅचरनं मनगटावरच्या तक्त्यात बघायचं. आता यंत्रानं सांगायलाही परवानगी आहे.

आणि मानधनावरून आठवलं. यूएससीचे (कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ) रॉड डेडो हे कॉलेज बेसबॉलमधलं फार मोठं नाव, त्यांच्या टीमनं ११ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. त्यांचा ट्रकचा धंदा चांगला चालायचा, त्यामुळं कोच म्हणून नावापुरता वर्षाला एक डॉलर घ्यायचे.

तिसऱ्या बेसवरून (सातारा)

हा एक डॉलरचा किस्सा कृपा करून आमच्या संस्थाचालकांच्या कानावर घालू नका. त्यांच्याकडं ट्रक आहेत, आमच्याकडं नाहीत.

खुणा डगआउटमधून देण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आपल्या कॅचरला स्वतः विचार करू द्या. चुकेल, मार खाईल, शिकेल. सगळं वरून सांगितलं की पोरं डोकं बंद करून खेळतात. ती सवय शाळेतच लागलेली असते, आणखी घट्ट कशाला करायची?

सांधेजोड (मिरज, फिजिओ)

मॅडमनी कोपर खाली येण्याचं लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. थोडं माझ्या बाजूनं.

वेगात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर ताण येतो. आजूबाजूचे स्नायू ताजे असतात तोवर ते तो ताण वाटून घेतात. ते थकले की सगळा भार लिगामेंटवर. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा टेंडन बसवून ते पहिल्यांदा दुरुस्त केलं. ऑपरेशनला आजही त्या पिचरचंच नाव आहे. त्यातून सावरून पुन्हा पिचिंग करायला वर्षभर किंवा जास्त लागतं. आपल्या कॉलेजच्या पोराचं म्हणजे खेळायचं वयच संपलं.

म्हणून पोरांना एकच विचारायचं, 'कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखव.' दंडाचा मांसल भाग भरून आला असेल तर बहुधा थकवा. कोपराच्या आतल्या हाडाजवळ बोट गेलं तर त्या दिवशी चेंडू बंद आणि तपासणी. स्प्रे मारून परत पाठवणं हा प्रकार मी मैदानावर फार बघतो. स्प्रेनं दुखणं लपतं, इजा तशीच राहते. आणि कॅचरलाही विसरू नका. तोही प्रत्येक चेंडू परत फेकतो, वर उठबशा वेगळ्या. आज पिचिंग केलेल्या पोराला उद्या कॅचर करू नये.

रसायनमास्तर (सांगली)

सगळ्यांचे आभार, मॅडमचे विशेष. कागद तयार केलाय. मानधन कॅचरच्या नावावर टाकलं. कमिटीत थोडी कुरकुर झाली, 'पिचर सांभाळायला पैसे कशाला' म्हणून, पण डायरेक्टर सरांनी पाठीशी राहून मंजूर करून घेतलं. लायब्ररीचे भाऊ आधी जरा फुगले होते. फंगोचे व्हिडिओ दाखवले तर म्हणाले, "हे तर मी आयुष्यभर करत आलोय, फक्त नाव माहीत नव्हतं." आता ते बॅट कुठं मिळेल याच्या मागं लागलेत. मामांनी काउंटर आणलाय, पण बायकोचा आहे, सामना झाला की परत द्यायच्या बोलीवर.

दोन शंका राहिल्या. भालाफेकवाल्या दोघांना पिचर करावं का? त्यांचा हात टीममध्ये सगळ्यात जोरदार आहे. आणि तिसऱ्या बेसवरून खुणा किती ठेवू? पोरांनी उत्साहात चौदा खुणांची यादी करून आणलीये.

तिसऱ्या बेसवरून (सातारा)

चौदा? पोरांना परीक्षेत चौदा व्याख्या येतात का ते विचारा आधी. तीन ठेवा. बंट (बॅट हलकेच लावून चेंडू जवळच पाडणं), चोरी आणि 'हा चेंडू सोड'. टोपी, कान, छाती, पट्टा असा हात फिरवत राहायचं, आणि एक जागा किल्लीची ठरवायची. समजा पट्टा. पट्ट्याला हात लागला की त्याच्या लगेच पुढची खूण खरी, बाकी सगळं समोरच्यांना फसवायला. बॅटरनं पूर्ण फिरवणी संपेपर्यंत बघायचं. खरी खूण झाल्याबरोबर नजर काढली की समोरच्या कॅचरला तीन इनिंगांत किल्ली सापडते. मी असंच एका टीमचं पाचव्या इनिंगपर्यंत सगळं वाचलं होतं. त्यांच्या पोरांच्या माना एकाच वेळी वळायच्या.

भालाफेकवाल्यांचं म्हणाल तर हो, पण सावकाश. २००८ मध्ये अमेरिकनांनी भारतभर वेगवान हात शोधायची स्पर्धा घेतली होती. त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले, दोघंही भालाफेकवाले, बेसबॉल ठाऊक नसलेले. यूएससीत टॉम हाउस या जुन्या मेजर लीग पिचरच्या हाताखाली काही महिने घासले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांशी करार केला. मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, पण व्यावसायिक बेसबॉल खेळले. तेव्हा हात चालतो. अडचण पायांची आहे. भालाफेकवाला धावत येऊन जोर घेतो, पिचरला तो उभ्या जागेवरून, एक पाय पट्टीला लावून काढायचा असतो. धाव काढून घेतली की ती पोरं सगळा जोर खांद्यातून लावतात. पहिले काही आठवडे त्यांना निम्म्या ताकदीनं, फक्त पाऊल कुठं पडतंय ते बघत टाकू द्या. माउंडच्या चटईवर खडूची रेघ मारा, पुढचं पाऊल रेघेवर पडलं पाहिजे. वेग बघायचा मोह होईल, कुणीतरी मोबाइलवर वेग मोजायचं ॲप काढेल. ते बंद करायला लावा.

आणि भालाफेकीचा सराव त्याच दिवशी नको. डायरेक्टर सरांशी बोलून वार वाटून घ्या, नाहीतर दोन कोच एकाच खांद्यावर बसतील.

फंगो बॅट आमच्याकडं एक जादा आहे, भाऊंना देते. एखाद्या रविवारी टीम घेऊन शाहू स्टेडियमवर या, सराव सामना खेळू. वेळ आणि फोन व्यनि (खासगी निरोप) करते. हेल्मेट मात्र तुमची तुम्ही आणा, आमच्याकडं आमच्या पोरांनाच पुरत नाहीत.

भडंगप्रेमी (जयसिंगपूर)

सराव सामन्याला भडंग माझ्याकडून. मामांना सांगा, पुड्यासुद्धा काउंटरवर मोजून घ्या.